एकाच फोन क्रमांकाचे ११२ सभासद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाने गेल्या पावसाळ्यात सभासदांची जुनी वही संगणकावर चढवली. गावातल्याच, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने ते काम हौसेने आणि एक पैसा न घेता केले. वार्षिक सभेचे निमंत्रण फोनवरून पाठवायची वेळ आली तेव्हा ग्रंथपाल बाईंच्या लक्षात आले, की यादीतील ११२ सभासदांचा मोबाइल क्रमांक एकच आहे : २१४७४८३६४७. मी शहापुरात संध्याकाळी संगणकाचे वर्ग घेतो आणि हा मुलगा माझ्याकडेच शिकतो, म्हणून बाईंनी मला बोलावून घेतले. “सर, मी सगळ्यांचे वेगवेगळेच टाइप केलते की ओ,” असे तो रडकुंडीला येऊन सांगत होता, आणि तो अगदी खरे सांगत होता.

झाले होते ते असे. फोन ‘नंबर’ आहे म्हणून त्याने मायएसक्यूएल या डेटाबेसच्या, म्हणजे माहिती तक्त्यांत साठवणाऱ्या प्रणालीच्या, टेबलात त्या रकान्याचा प्रकार ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, असा ठरवला. या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे त्यांतला लहानात लहान क्रमांकही ६०० कोटींच्या घरात जातो. डेटाबेसची कडक तपासणी जिथे चालू असते तिथे तो असा क्रमांक घ्यायला साफ नकार देतो; ती बंद असेल तर जेवढे मावते तेवढे ठेवून गप्प बसतो. इथे तो गप्प बसला. फोन क्रमांकाची कोणी बेरीज करत नाही, म्हणून तो मजकूर म्हणून साठवायचा असतो. बेळगावचा ०८३१ हा एसटीडी क्रमांकसुद्धा पूर्णांकाच्या रकान्यात टाकला, तर पुढचे शून्य गळून नुसता ८३१ उरतो.

हे पत्र लिहायचे कारण हाच गप्पपणा आहे. नवशिक्यांच्या चुकांचे मी दोन वर्ग करतो : ज्या चुका बोलतात त्या आणि ज्या बोलत नाहीत त्या. आपल्या भागातील मुले पहिल्या प्रकाराला घाबरतात आणि दुसऱ्याकडे त्यांचे लक्षच जात नाही. माझ्या अनुभवाने हे नेमके उलट व्हायला हवे.

बोलणाऱ्या चुका आधी उरकतो, कारण त्या मानाने सोप्या आहेत. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडची मराठी माध्यमातून आलेली मुले तांबड्या अक्षरातील इंग्रजी वाक्य पडद्यावर दिसले, की ते न वाचताच खिडकी बंद करतात आणि ‘एरर येतोय’ एवढेच सांगतात. कोणता एरर, असे विचारले तर उत्तर नसते. वास्तविक त्या वाक्यात निम्मे उत्तर लिहिलेले असते. १०६४ हा सर्वांना छळणारा क्रमांक म्हणजे वाक्यरचनेची चूक. त्या संदेशात ‘निअर’ या शब्दापुढे आपल्याच क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा, एक तुकडा अवतरणात छापलेला असतो. मुले त्या तुकड्यात चूक शोधत बसतात. ती बहुधा त्या तुकड्याच्या लगेच आधी असते, कारण डेटाबेस वाचता वाचता जिथे अडखळला तिथपासूनचा मजकूर तो दाखवतो. ‘सिलेक्ट नाव, गाव, फ्रॉम सभासद’ असे लिहिले, तर ‘निअर’पुढे ‘फ्रॉम सभासद’ दिसते, पण खरा गुन्हेगार ‘गाव’नंतरचा स्वल्पविराम. अवतरणात काहीच नसेल, तर क्वेरी शेवटपर्यंत वाचून झाली आणि काहीतरी उघडे राहिले, बहुतेक कंस, असे समजावे.

१०४५ म्हणजे वापरकर्त्याचे नाव वा पासवर्ड चुकला. १०५४ म्हणजे त्या नावाचा रकाना नाही. ११४६ म्हणजे त्या नावाचे टेबल नाही, आणि इथे एक गंमत आहे : घरच्या विंडोज लॅपटॉपवर टेबलाच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल की लहान याने काही बिघडत नाही, पण लिनक्सच्या सर्व्हरवर ती दोन वेगळी नावे ठरतात. ‘घरी चालत होतं, कॉलेजात चालत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढेच कारण निघते. ‘रँक’ नावाच्या रकान्याचेही असेच. निकालपत्रकाच्या प्रकल्पात हे नाव हमखास असते, आणि २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० मध्ये तो शब्द राखीव झाला. मुलांच्या लॅपटॉपवरील झॅम्प या तयार संचात मात्र मायएसक्यूएलऐवजी त्याचे भावंड मारियाडीबी असते आणि त्याला हा शब्द चालतो. राखीव शब्द वापरायचाच असेल, तर तो उलट्या टिकलीत घालावा. एस्केपच्या खालच्या कळीवर ती असते. साध्या एकेरी अवतरणात घातला तर तो रकाना न राहता नुसता शब्द होतो, आणि प्रत्येक सभासदापुढे त्याच्या नावाऐवजी ‘नाव’ हाच शब्द छापून येतो.

वेबपाने बनवणाऱ्या पीएचपी या भाषेतील स्क्रिप्टची कथाही फार वेगळी नाही. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती ब्राउझरमध्ये उघडली तर कोडच दिसणार किंवा काहीच दिसणार नाही; ती सर्व्हरच्या फोल्डरात ठेवून ‘लोकलहोस्ट’च्या, म्हणजे आपल्याच संगणकाच्या, पत्त्यानेच उघडावी लागते. ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ने सुरू होणाऱ्या जुन्या वह्यांमधली फंक्शने २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली, तरी आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या प्रॅक्टिकलच्या नोट्समध्ये ती अजून सुखाने नांदत आहेत. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरावे. ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ या संदेशात तर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आधीच काहीतरी छापले गेले हेही दिलेले असते. त्या ओळीवर बहुधा पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी सुटलेली एक रिकामी ओळ सापडते, किंवा जुन्या नोटपॅडने फाइल जतन करताना सुरुवातीला घातलेले डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. नुसते पांढरे पान आले तर संदेश नाही असे नसते, तो दाखवणे बंद ठेवलेले असते. शिकताना पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करावे. लोकांसाठी खुल्या केलेल्या संकेतस्थळावर ते बंदच असावे.

आता मुक्या चुका. सीमाभागात त्यांना आपला असा रंग आहे, आणि तो बंगळूर वा पुण्यात छापलेल्या पुस्तकात सापडत नाही.

आमच्या मुलांचे डेटाबेस किमान दोन लिप्यांचे असतात. सभासदाचे नाव मराठीत, पत्ता कधी कन्नडात, बाकी इंग्रजीत. त्यातून हमखास दोन प्रकारचा घोळ होतो. पहिल्यात नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. दुसऱ्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येकाच्या मागे काहीतरी अगम्य चिन्ह. मुलांना दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्नचिन्हेच टेबलात साठली गेली असतील, तर मूळ अक्षरे गेली ती गेली. नावे पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही. तिरक्या रेघेचा ‘ए’ दिसत असेल, तर बहुतेक वेळा मूळ बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, शाबूत असतात, फक्त ते चुकीच्या चष्म्यातून वाचले जात असतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या संकेतपद्धतीत तीन बाइटचे असते, आणि त्यांतले पहिले दोन जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचातून वाचले, की ‘ए’च्या मागे नाण्याचे चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह येते. कन्नड अक्षरे अशीच वाचली, तर ‘ए’च्या मागे वर चढवलेला छोटा २ किंवा ३ येतो. म्हणजे त्या कचऱ्याकडे बघूनसुद्धा मूळ मजकूर मराठी होता की कन्नड हे सांगता येते. वर्गात मी हे करून दाखवतो तेव्हा मुलांना जादू वाटते.

याचे मूळ मजेशीर आहे. मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमधील एका छोट्या कंपनीने आणले. त्यातला ‘माय’ म्हणजे आपली माय नव्हे, ते तिच्या एका संस्थापकाच्या, मायकेल विडेनियस यांच्या, मुलीचे नाव. मारियाडीबीतील मारिया ही धाकटी. स्वीडनच्या या घराण्यामुळे ८.० आवृत्ती येईपर्यंत नव्या टेबलाचा मूळ अक्षरसंच पाश्चात्त्य आणि अक्षरक्रम ‘स्वीडिश’ असे. वडगावातला मुलगा ‘आमच्या टेबलाला स्वीडिश का लिहिलंय ओ सर?’ असे विचारतो तेव्हा त्याचे उत्तर हे आहे. उपाय एवढाच, की डेटाबेस, टेबल आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ असा संच नेमावा. मुले पहिली दोन ठिकाणे सुधारतात आणि स्क्रिप्टमधील जोडणी विसरतात. नुसता ‘यूटीएफ८’ लिहिला तर तो या डेटाबेसात आजवर तीन बाइटांपुरताच राहिला आहे. मराठीला तो पुरतो, पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की अडतो.

रकान्याच्या लांबीचेही आपल्या लिपीत वेगळे गणित आहे. ‘विश्वेश्वरय्या’ या नावात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. डेटाबेस मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सुटे मोजतो, म्हणजे त्याच्या हिशेबी ती १४ होतात, आणि बाइट मोजले तर ४२. इंग्रजी पुस्तकात बघून नावासाठी २० ची मर्यादा ठेवली, की आमच्याकडची लांब आडनावे शेपटीकडून तुटतात.

याहून फसवे म्हणजे अंक. मराठी कळफलकावर टाइप करणारा कारकून वर्गणी ‘१००’ अशी देवनागरीत लिहितो. तो रकाना मजकुराचा असेल तर संगणक ते आनंदाने घेतो, पण बेरीज करताना देवनागरी अंकांची किंमत शून्य धरतो. इंग्रजी अंकांत स्वल्पविरामासह ‘1,200’ लिहिले तर त्याची किंमत नुसती १ होते. दोन्ही वेळा बेरीज येते, पण ती खोटी असते. तारखांचेही तसेच : दिवस, महिना, वर्ष या आपल्या क्रमाने मजकूर म्हणून साठवल्या, की ०२/१२ ही १५/०१ च्या आधी लागते. तारखेला तारखेचाच प्रकार द्यावा आणि छापतानाच तिला आपला पेहराव चढवावा.

गावांच्या नावांबद्दल लिहिताना थोडे जपून लिहितो. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्या वादात मला इथे शिरायचे नाही, पण वाचनालयाच्या त्या यादीत बेळगाव, बेळगांव, बेलगाम आणि बेळगावी अशी चार नावे होती, आणि गाववार मोजणीत त्यांची चार वेगळी गावे झाली होती. वकिलांच्या नावाआधीचा ‘अॅड.’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा अखंड ‘ॲ’ या अक्षराने आणि एकदा ‘अ’वर चंद्र देऊन, डोळ्यांना ते सारखेच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. गावांचे एक वेगळे टेबल करून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि सभासदापुढे तो क्रमांकच ठेवावा. मग नाव बदलले तरी एकाच ओळीत बदलते.

सर्वांत महागडी मुकी चूक बेरजेची. त्याच वाचनालयात एका सभासदाने ५० रुपयांच्या दोन पावत्या केल्या होत्या आणि तीन पुस्तके नेली होती. मुलाने सभासद, पावत्या आणि पुस्तके ही तिन्ही टेबले एकाच क्वेरीत जोडून वर्गणीची बेरीज मागितली. दोन पावत्यांना तीन पुस्तके भिडून सहा ओळी झाल्या आणि १०० रुपयांचे ३०० झाले. ‘काहीतरी डबल येतंय’ म्हणून त्याने बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ घातले, तर दोन्ही पावत्या ५० च्याच असल्यामुळे संगणकाने त्या एकच मानल्या आणि उत्तर ५० आले. मी त्याला कागदावर त्या सहा ओळी हाताने लिहायला लावल्या. तिसऱ्या ओळीलाच तो थांबला आणि स्वतःशी हसला. पावत्यांची बेरीज सभासदवार आधी वेगळी करून घ्यायची आणि ती एकच ओळ सभासदाला जोडायची, हे त्याला मग मला सांगावे लागले नाही. आमच्याकडे पतसंस्था आणि दूध सोसायट्या गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या वह्या संगणकावर चढवायला हीच मुले जाणार आहेत, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

त्यांच्यासाठी आणखी तीन गोष्टी. जो रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’, आहे तो ‘बरोबर नल’ असे लिहून कधीच सापडत नाही. ‘इज नल’ असेच विचारावे लागते. दुसरे, फॉर्ममध्ये आलेला मजकूर थेट क्वेरीत चिकटवू नये. कॅम्प भागातील डि’सोझा आडनावाच्या सभासदाची नोंद होईना, तेव्हा एकाने ‘ती वरची टिकली गाळा’ असे त्या गृहस्थांनाच सुचवले होते! ती टिकली क्वेरीतील अवतरण अर्ध्यावरच मिटवते, म्हणून अडते. आणि ज्या फटीतून डि’सोझा अडतात त्याच फटीतून खोडसाळ माणूस आपली क्वेरी आत सरकवू शकतो. प्रश्नचिन्हाची जागा ठेवून किंमत वेगळी पाठवण्याची ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ची पद्धत दोन्हींवर एकच औषध आहे. तिसरे, ‘अपडेट’ वा ‘डिलीट’ लिहिताना ‘व्हेअर’, म्हणजे कोणत्या ओळी ही अट, विसरला तर सगळ्या ओळींवर नांगर फिरतो. आधी तीच अट घालून ‘सिलेक्ट’ चालवावा, किती ओळी येतात त्या मोजाव्यात आणि मगच हात घालावा. डेटाबेस बनवणाऱ्यांनाही ही धास्ती ठाऊक असावी, कारण व्हेअरशिवायचे बदल अडवणारी एक सोय त्यांनी दिली आहे आणि तिचे एक नाव ‘आय अॅम अ डमी’, म्हणजे ‘मी मठ्ठ आहे’, असे ठेवले आहे. मी स्वतः ती चालू ठेवतो.

संपादक महाशय, आपल्या शहरात तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, अभियांत्रिकीची जुनी नावाजलेली महाविद्यालये आहेत, तरी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत गुण मिळतात ते जर्नलमधील क्वेरी जशीच्या तशी उतरवून ‘आउटपुट’ आणल्याबद्दल. बिघडलेली क्वेरी हातात देऊन ‘हिच्यात काय चुकले आहे’ असा प्रश्न मी तरी आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. हा प्रश्न विचारायला नवे यंत्र लागत नाही की अनुदान लागत नाही. पडद्यावरचा संदेश मराठीत किंवा कन्नडात समजावून सांगायलाही कोणाची परवानगी लागत नाही. संदेश इंग्रजीत असला तरी तो समजून घ्यायची भाषा घरचीच असते. प्राध्यापक मंडळींपर्यंत एवढी विनंती आपल्या पत्रातून पोचावी. आपल्या शैक्षणिक पुरवणीत आठवड्याला एक बिघडलेली क्वेरी छापून पुढच्या आठवड्यात तिचे उत्तर देता आले, तर पहिल्या काही क्वेरी पुरवायला मी तयार आहे; माझ्या वर्गात त्यांचा तुटवडा नाही.

वाचनालयाचे काम सध्या असे चालू आहे : रकान्याचा प्रकार बदलून झाला, पण गेलेले क्रमांक त्याने परत येत नाहीत. सुदैवाने बाईंनी जुनी वही रद्दीत दिलेली नव्हती. तो मुलगा रोज संध्याकाळी वाचनालयात बसतो, बाई वहीतून क्रमांक मोठ्याने वाचतात आणि तो टाइप करतो. काल ७० झाले होते.

आपला नियमित वाचक,
एक संगणक शिक्षक,
शहापूर, बेळगाव